ओल्या मातीतली पिल्लं

सानगडीजवळच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक संशोधक यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याने सरड्याची अंडी मातीत पुरली होती, अर्धी भाताच्या ओल्या तणसाखाली, अर्धी कोरड्या उन्हात. रोज उकिडवा बसून तो मातीला हात लावायचा, जणू तापलेल्या लेकराचं कपाळच. स्वतःच्या घरी तुमसरला मात्र साहेब सणापुरते हजेरी लावत.

एकदा तो मला म्हणाला, "ओलीतलं पिल्लू दांडगं निघते, कोरड्यातलं किडकिडीत. पिल्लाचा दोष नाही भाऊ, सारा खेळ घरट्याचा."

एवढी माया पाहून मी गहिवरलोच.

तेवढ्यात त्याच्या मुलीचा फोन आला. ती दहावीत नापास झाली होती. रडणं मलाही ऐकू आलं.

"सगळं देलं तुले! मंग अशी ढ काहून निघाली तू?"

फोन कापून त्याने तणसावर हलक्या हाताने पाणी शिंपडलं.