दौलतचं झाकण

मुणगेकर चाळीतल्या सुंदराबाईला राग यायला कारण लागत नाही, असं लालबागला जो तो म्हणायचा. आणि म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनीच तिला कारणं पुरवलेली असायची. नळावर कुणी मध्येच हंडा घुसवला की सुंदराबाई. गिरणीत जॉबरने रिळिंगखात्यातल्या बायकांना 'ए' करून हाक मारली की सुंदराबाई. नवरा मेल्यावर दीर मालवणहून जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला आला, त्याला तिने चहासुद्धा पाजला नाही, ट्रंकेसकट जिन्याने खाली धाडला. दोन पोरं तिने एकटीने वाढवली. थोरली शांता देवगडला दिली. धाकटा दौलत आईसारखाच तापट निघाला, आणि छप्पनच्या जानेवारीत, मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीने सांगून टाकल्यावर, सगळ्या गिरणगावाबरोबर रस्त्यावर उतरला.

पोलीस नाक्यावर उभे होते. पोरांनी हाताला लागेल ते ढाल म्हणून उचललं. दौलत गच्चीवर धावला आणि पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं लोखंडी झाकण उचकटून घेऊन आला. ते छातीपुढे धरून तो सगळ्यांच्या पुढे गेला. गोळी झाकणातून आरपार गेली.

झाकण परत आलं. चाळ समितीचे तात्या परब यांनी ते समितीच्या खोलीत चौरंगावर उभं केलं, हार घातला. मोर्च्याला निघताना पोरं त्या भोकाला बोट लावून कपाळाला लावायची. पहिला हार सुंदराबाईनेच घातला होता आणि घालताना तिला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगा! पोरगा गेला, तरी त्याचं काहीतरी चाळीत उभं होतं.

गच्चीवरची टाकी मात्र उघडीच राहिली. मालक म्हणाला, ज्यांनी झाकण नेलं त्यांनी आणावं. तात्या म्हणाले, आधी मुंबई घेऊ, मग टाकीचं बघू. बिऱ्हाडकरू म्हणाले, सुंदराबाईला कसं विचारायचं? वर एक गोणपाट टाकलं होतं, ते पावसात कुजून आत पडलं. बॅनर, कर्णे, मांडव यांना चाळीचा हात सैल होता. साध्या पत्र्याच्या झाकणाचं नाव निघालं की प्रत्येकाला कुठेतरी जायचं असायचं.

श्रावणात शांता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा लागला होता. सुंदराबाई कामावरून आली की तिच्यासाठी पेज टाकायची, पाठीला तेल लावायची आणि पोटाला हात लावून म्हणायची, "मामासारखो उडाणटप्पू होव नको रे बाबा." दौलत गेल्यापासून ती हसलेली चाळीने पहिल्यांदा पाहिली.

त्याच सुमाराला एका सकाळी खाकी कपड्यातला एक माणूस शिडी घेऊन चाळीत शिरला. गोळीबारानंतर समितीने ठरवूनच टाकलं होतं की खाकी दिसली की वर चढू द्यायची नाही. पोलीस नाव विचारून पोरं उचलत होते, त्यामुळे त्यात चूक तरी काय होती? पोरांनी आरडाओरडा केला, तात्या गॅलरीत येऊन "परत जा, परत जा" करायला लागले.

"अहो, मी पोलीस नाही!" तो माणूस खालून ओरडला. "मलेरियाखात्याचा आहे! टाकी बघायची आहे!"

सुंदराबाईने खाकीपलीकडे काही बघितलंच नाही. भांड्यांच्या खरकट्या पाण्याची बादली तिने कठड्यावरून त्याच्या डोक्यावर ओतली. "माझो झील, माझो दौलत खाल्ल्यात, आता आणि काय व्हया तुमका?" सगळी चाळ टाळ्या वाजवत होती. माणूस भिजलेली टोपी पिळत शिडी घेऊन गेला आणि पुन्हा आला नाही. भिजून कोण येतो!

पंधरवड्यात पोरांना हुडहुडी भरायला लागली. एक दिवस ताप, एक दिवस बरं, पुन्हा ताप. चाळीतल्या शहाण्यांनी दोष गटाराला दिला आणि गटारात फिनेल ओतलं. मग शांता पडली. चार गोधड्या घातल्या तरी तिचे दात वाजायचे, खाट हलायची. सुंदराबाईने मीठमोहऱ्या ओवाळल्या, काढे पाजले, आणि शेवटी गाडी करून परळला इस्पितळात नेलं.

तिथे शांताला मेलेला मुलगा झाला.

शांता वाचली. डॉक्टरीणबाईंनी सुंदराबाईला बाजूला घेऊन विचारलं, "हिवताप आहे. गरोदर बाईला तो फार वाईट. तुमच्या चाळीत गच्चीवर टाकी आहे? झाकलेली आहे?" बाई समजावून सांगायला लागल्या. हा डास गटारात राहत नाही, चांगलं पिण्याचं पाणी शोधतो, उघड्या टाकीत अंडी घालतो, रात्री येऊन चावतो. एकाच्या अंगातला ताप दुसऱ्याच्या अंगात नेऊन सोडतो. "म्युनिसिपालिटीची माणसं तपासायला येतात की. तुमच्याकडे कुणी आलं नाही?"

सुंदराबाईला दिसत होती ती पिळलेली टोपी.

चाळीत येऊन ती थेट गच्चीवर गेली, टाकीच्या शिडीवर चढली आणि आत वाकली. पाणी स्वच्छ होतं. त्या पाण्याला वरून आडवे चिकटलेले, शिवणाच्या दोऱ्याच्या तुकड्यांएवढे किडे होते, अगणित, आणि तिची सावली पडताच सगळे वळवळत खाली गेले. हेच पाणी तिने शांताला उन्हाळी लागू नये म्हणून तांब्यातांब्याने पाजलं होतं. तिच्या तोंडून शिवी गेली. ती डासांना होती, मालकाला होती, तात्यांना होती आणि तिला स्वतःलाही होती.

समितीच्या खोलीत गणपतीची तयारी चालली होती. यंदा मूर्तीशेजारी दौलतचं झाकण ठेवायचं आणि वर दिवे सोडायचे असं ठरलं होतं. सुंदराबाई आत आली, हार काढून चौरंगावर ठेवला आणि झाकण काखेत मारलं.

"वहिनी!" तात्या उठले. "काय करताय? ती दौलतची खूण आहे. सगळ्या लालबागची आहे."

"तात्यानू, खूण असा तर माझी असा. मी जन्म दिलंय त्येका, लालबागान नाय."

खाली पत्र्याचं काम करणारा भिवा बसायचा. तिने झाकण त्याच्यापुढे टाकलं. "ह्या भोकाक ठिगळ मार."

भिवाने भोक पाहिलं आणि हात मागे घेतला. "मावशी, ह्या भोकाला मी हात लावू?"

"लाव. त्या भोकातसून डास जातत."

तात्या मागोमाग आले होते, चार पोरंही आली होती. भिवाने ठिगळ ठोकायला सुरुवात केली तसे तात्या कळवळले. "अहो, नवीन झाकण आणू! उद्याच आणतो, शब्द देतो! हे बुजवू नका. लोक काय म्हणतील?"

आता मात्र सुंदराबाईचा आवाज चारी मजल्यांवर पोचला. "उद्या? शांता येवच्या आधी उद्या खय गेल्लो तुमचो? माझ्या झिलान ह्या झाकाण उचललान ता माणसा वाचवूक. आणि आपण सगळ्यांनी मिळान त्येच्याच भैणीचा पोर घालवला. तुमी हार घालून, मी बादली ओतून. आता कोण काय म्हणतलो तो म्हणांदे!"

भिवाने ठिगळावर शेवटचा ठोका मारला. तिने झाकण उचललं, कुणाला हात लावू दिला नाही आणि कठड्याला धरत एक एक मजला चढली. टाकीवर ते तिने घट्ट बसवलं, वरून दोन्ही हातांनी दाबलं आणि त्याच्यावरच बसली. खालून बायका जेवायला हाका मारत होत्या. ती उठली नाही. आपण उठलो की कुणीतरी येऊन हे पुन्हा खाली नेईल आणि त्याला हार घालील, याची तिला पक्की खात्री होती.