सिद्धोधन सरांचा सर्व्हर

जिंतुरातल्या आमच्या शिक्षणसंस्थेत मी कारकून आणि सिद्धोधन सर संगणक सांभाळणारे. संस्थेच्या सगळ्या महाविद्यालयांचे परीक्षा अर्ज आणि निकाल ज्या सर्व्हरवरून चालत, तो सरांनी लिनक्स या संगणक-प्रणालीवर उभा केला होता. ही प्रणाली फुकट मिळते. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहायची, ज्याला हवी त्याने वापरायची. एरवी ‘फुकट ते पौष्टिक’ मानणारी आमची कार्यकारिणी या एकाच फुकटच्या गोष्टीकडे संशयाने बघायची.

सरांना त्याचं काही वाटत नसे. त्यांचं दुःख वेगळं होतं. अख्ख्या तालुक्यात त्याबद्दल बोलायला त्यांना माणूस नव्हता. अडलं की ते इंटरनेटवर प्रश्न टाकत आणि पोलंडमधला नाहीतर ब्राझीलमधला कुणी उत्तर देई. त्यांच्या पत्नी गीताबाई मात्र ऐकायच्या. कळायचं त्यांनाही नाही, पण “मग पुढं?” म्हणायच्या. गेल्या उन्हाळ्यात त्या वारल्या. मुलगी पुण्यात. तेव्हापासून सरांनी सर्व्हरला एक सवय लावली. रोज सकाळी त्याने सरांच्या मोबाईलवर मेसेज पाठवायचा, ‘मी ठीक आहे.’ चहा पिताना सर तो वाचत.

दसऱ्याला सर नागपूरला दीक्षाभूमीला जात, दोघं मिळून. यंदा एकटे गेले. इकडे संस्थेत यंत्रपूजा. त्या दिवशी यंत्राला सुट्टी द्यायची, ही आमच्याकडची रीत. चालता सर्व्हर कुणी बंद करू नये म्हणून दरवर्षी सर निघताना पूजेसाठी एक बंद पडलेला संगणक टेबलावर काढून ठेवत. त्याची आठवण गीताबाई करून द्यायच्या. यंदा ते राहून गेलं. शिपाई सितारामने भक्तिभावाने चालत्या सर्व्हरची वायर उपटली, हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याचं पान ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख. वायर जोडली तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि तिथंच थांबली. बोरी-चारठाण्याहून आलेली पोरं ताटकळली. सकाळचा मेसेज आला नाही तेव्हाच वाटेत सरांना शंका आली होती. त्यांनी फोनवरून मला समजावून पाहिलं, पण मला ती अक्षरं धड वाचताही येईनात. संध्याकाळी ते पोचले आणि चहा यायच्या आत सर्व्हर सुरू झाला. मुदतही वाढली.

खापर मात्र फुटायचं तिथं फुटलंच. सितारामवर नाही, पूजेवर तर नाहीच, फुकटच्या प्रणालीवर. सचिव किशनराव तसा माणूस वाईट नाही. त्यांनी सरांना जवळ बसवून सांगितलं की आता विकतची प्रणाली घ्यायची, तिच्यामागे कंपनीची माणसं असतात.

“बिघडलं तर आमी कुणाला धरायचं, सर?”

“मला धरा की.”

“अन् तुमी नसले तर?”

मला किशनरावांचा राग आला, आणि त्यांचं खरं होतं म्हणून जास्तच आला.

दिवाळीनंतर नवा सर्व्हर आला. चांगला चालतो, खोटं कशाला बोलू? भिंतीवर हेल्पलाइनचा नंबर चिकटवलाय. जुना भंगारात जाणार होता, तो सरांनी मागून घरी नेला.

परवा सकाळी त्यांच्याकडे गेलो. गीताबाईंच्या शिलाई मशीनशेजारी ती पेटी घरघरत होती. हिच्यावर आता काय चालतं, मी विचारलं. सरांनी मोबाईल पुढे केला. ‘मी ठीक आहे.’

“पण सर, हे तर तुमीच लिहून ठेवलंय.”

“मीच की,” सर म्हणाले. “पण सकाळी घरात कुणीतरी आधी बोलायला लागतंय.”

मग त्यांनी त्या पेटीत नवीन काय बसवलंय ते सांगायला घेतलं. मला ओ की ठो कळेना. चहा संपला तरी ते सांगतच होते, मी उठेन या भीतीने जरा घाईघाईने.

“मग पुढं?” मी म्हणालो.

सरांनी एकदा शिलाई मशीनकडे बघितलं, पुन्हा चहाचं आधण ठेवलं आणि सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागले.