सिरसाळ्याचा नाचरा रेडिओ

रेडिओ बंद होऊन वर्ष झालं, तरी पारावर बसलो की कुणीतरी म्हणतंच, "मामा, त्या दिवशीचं सांगा की!" एक सांगावं, तर त्याच्या मागं दुसरं येतं. भुईमुगाचा वेल उपटल्यासारखं.

आमचं स्टेशन सिरसाळ्यात पिठाच्या गिरणीच्या माडीवर होतं. दिवसभर फक्त नाचायची गाणी! दिगंबर बोलायचा, गाणी लावायचा. मी झाडलोट, चहा अन् बॅटरी बघायचो. शेवटच्या वर्षी परवाना नवा करायचा होता. मिळतो का न्हाई, या घोरानं दिगंबर वाळून गेलता.

*

मला वाचता येत नाही. म्हणून दिगंबरनं कॉम्प्युटरवर चित्रं लावून दिली होती. वरातीच्या गाण्यांना घोडा, हळदीच्या गाण्यांना हळकुंड. तो जेवायला गेला की मी घोडा दाबायचो.

एकदा काय दाबलं गेलं कोण जाणे, एकच गाणं तासभर वाजलं! दिगंबर उष्ट्या हातानं पळत आला. "मामा, लोक शिव्या देत असतील!"

तेवढ्यात फोन. एक बाई म्हणाली, "भाऊ, आत्ता कुठं ठेक्यावर पाय बसायलेत. बदलू नका!"

*

गिरणीचा पट्टा सैल झाला की खाली धपधप सुरू व्हायची. ती माईकमधून सगळीकडं जायची. शेजारच्या गावातून एकाचा फोन आला, "तुमचा ढोलकीवाला लई भारी हाय. लग्नाला पाठवता का?"

दिगंबर म्हणाला, "पाठवतो की. पण दळण घेऊन या!"

*

ज्यांना डीजे परवडत नव्हता, ते टेम्पोत भोंगा लावून आमचा रेडिओच वरातीत वाजवायचे. एकदा चौकात दोन वराती समोरासमोर आल्या. "आमची आधी!" "तुमची कावून आधी?" करत गचांड्या धरल्या.

पण दोन्ही टेम्पोत गाणं एकच! ठेका धरला अन् गचांडी न सोडताच माणसं हलायला लागली.

पोलीस आला. "भांडताय का नाचताय बे?"

"साहेब, गाणं संपू द्या. मग सांगतो!"

*

परवान्यासाठी तपासणीला साहेब आले. म्हणाले, "लोकांना याचा उपयोग काय?" दिगंबरनं फाईल दाखवली, लोकांची पत्रं दाखवली. शेजारी गाणं चालूच होतं.

मी चहा ठेवायला वाकलो, तर टेबलाखाली साहेबांचा बूट ठेका धरायलाय!

वर साहेबांनी मोठ्यानं म्हणत कागदावर लिहिलं, 'उपयोग दिसून आला नाही.'

खाली बूट थांबला न्हाई.

*

आमची एक रीत होती. गावातून अंत्ययात्रा निघाली की फोन यायचा अन् आम्ही गाणं बंद करायचो. रेडिओ गप झाला की लोक समजायचे, कुणीतरी गेलं. वरात असली तरी जागेवर थांबायची. ज्याच्या घरचं माणूस गेलं, तिथं त्या दिवशी चूल पेटत न्हाई, म्हणून सांजच्याला शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन जायचे.

परवाना नामंजूर झाल्याचं पत्र दुपारी आलं. दिगंबरनं वाचलं, घडी घातली. माईकपुढं बसला. त्यानं बटण बंद केलं.

पाच मिनिटांत फोन. वरच्या गल्लीतले दाजी होते. त्यांच्या पोराचं लग्न होतं.

"दिगंबर, कोण गेलं रं? आमी वरात थांबवलीय. नवरा घोड्यावर हाय."

दिगंबर म्हणाला, "आपला रेडिओच गेला, दाजी. हलगीवाले बोलवा. वरात थांबवू नका."

दाजींनी फोन ठेवला.

सांजच्याला ते फेटा काढून जिना चढून आले. लग्नघरात बुंदी होती, जिलेबी होती.

दाजींच्या हातात पिठलं-भाकरीचा डबा होता.