उत्तर तुमच्याच आत आहे

दिलीप गेल्याचा फोन आला तेव्हा मी वरोऱ्याला मुलीकडे होतो. शीलावहिनी "भाऊजी, गेले ते" एवढंच बोलल्या. दारावर भेटायला आलेले लोक ‘अचानक’ म्हणत होते. अचानक काहीच नव्हतं. पायाची जखम घेऊन हा माणूस उन्हाळाभर आमच्या डोळ्यांदेखत फिरला. तसं फिरायला ज्या धंद्याने शिकवलं, त्याच्याबद्दल महिना उलटला तरी मला चांगला शब्द सापडलेला नाही.

कुरखेड्याच्या शाळेत आम्ही एकत्र शिकवत होतो. तो गणित, मी मराठी. मग तो नागपूरच्या कुठल्याशा शिबिराला गेला, परत आला तो नोकरी सोडूनच. चंद्रपुरात भाड्याच्या घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लागली, ‘लाइफ कोच’. खाली बारीक अक्षरांत, ‘उत्तर तुमच्याच आत आहे’. गल्लीतली पोरं आधी बॅट घेऊन चौकशीला आली.

"मी सल्ला देत नाई गा," त्याने मला समजावलं. "मी फक्त विचारतो. माणसाले काय पायजे, ते त्याचं त्यालेच सापडते."

"मग तो तुह्याकडे काऊन येते?"

त्यावर तो शांतपणे म्हणाला, "हा प्रश्न तुले काऊन पडला?" तेव्हापासून त्याच्याशी धड भांडताही येईना.

कुणालाच उपयोग झाला नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कापडवाले युसूफभाऊ खोलीतून हलके होऊन बाहेर येत. तासभर कुणी मधे न बोलता ऐकून घेतं, असं त्यांच्या घरी कधी घडलं नव्हतं. पण ऐकण्यासाठी दिलीपला टाय कशाला लागतो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एटापल्लीकडच्या एका गावात त्याने शिबिर घेतलं, तेव्हा मी सोबत होतो. मुलीला नर्सिंगला पाठवावं की नाही, हा कोतू नावाच्या शेतकऱ्याचा प्रश्न. कोतूसोबत अख्खं गाव आलं, कारण तिथे असा निर्णय कुणी एकटा घेत नाही. दिलीपने बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. सगळे उठले, त्यांच्याबरोबर कोतूही उठला. बाहेर मोहाच्या झाडाखाली गाव बसलं आणि आमचा चहा होईपर्यंत मुलीला पाठवायचं ठरलंही. दिलीपच्या पत्रकात ही ‘यशोगाथा’ म्हणून छापून आली.

साखरेचा आजार त्याला जुनाच. कोचने नीटनेटकं दिसायला हवं म्हणून चंद्रपूरच्या मे महिन्यात तो बंद बूट आणि मोजे घाली. नव्या बुटाने टाच सोलली. जिकडे लक्ष जातं तिकडे शक्ती जाते, अशी त्याची शिकवण. मग जखमेकडे बघायचं नाही, घरात आजाराचं नाव काढायचं नाही. गोळ्या म्हणजे आजाराला दिलेली कबुली, म्हणून त्याही बंद.

"तुमी तरी सांगा त्याइले," शीलावहिनी मला म्हणाल्या. "मोजे मी धुतो. आत काय चाललं हाय, मले मालूम हाय."

मी गेलो आणि बूट काढ म्हणालो.

"तुह्या मनात एवढं भेव कायचं हाय?"

"तुह्या पायाचं."

मी नकारात्मक माणूस आहे, असं त्याने मला कळवलं आणि लंगडत पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेला.

तापाने पडला तेव्हा त्याला नागपूरला हलवलं. पाय गुडघ्यातून काढला, पण विष वर चढलं होतं. एका दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेल्या, तेव्हा छताकडे बघत तो म्हणाला, "मले भेव लागून राह्यलं गा." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं धड वाक्य. त्याच्याच पठडीतले चार-पाच प्रश्न मला तोंडपाठ होते. एकही विचारला नाही. "मलेही," म्हणालो. त्याने माझं मनगट धरलं, ते झोप लागेपर्यंत सोडलं नाही...

पाटी अजून उतरलेली नाही. जिवतीसारख्या लांबच्या गावचं कुणीतरी अधूनमधून येतं, त्याला बातमी ठाऊक नसते. वहिनी त्याला आत घेतात, गिऱ्हाइकाच्या मऊ खुर्चीत बसवतात, पाणी देतात. स्वतः दिलीपच्या खुर्चीत बसून एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टरले दाखवलं का?" दाखवलं नाही म्हणाला, तर पायात चप्पल सरकवून त्याच्यासोबत निघतात.