निवडफेरीत सगळे पास

माझ्या बायकोच्या मावशींनी आयुष्यात कोणालाही कशालाही नकार दिलेला नाही आणि त्याचा त्रास त्यांच्याखेरीज सर्वांना झालेला आहे. हे विधान मी जबाबदारीने करतो. लखनौच्या एका वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं उपसंपादक होतो. दुसऱ्यांची अतिशयोक्ती छाटणं हेच माझं काम होतं. या विधानात छाटण्यासारखं मला काही सापडलेलं नाही. तेलीबागेतल्या त्यांच्या घरात पाणी शुद्ध करण्याची दोन यंत्रं आहेत, कारण दोन विक्रेते आले होते. मावशींच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, बँकेतले एक सहकारी कानपूरला बदली झाल्यावर ‘दोन दिवस ठेवा’ म्हणून आपला पोपट ठेवून गेले. तो पोपट पुढे त्या घरात काकांपेक्षा जास्त बोलू लागला. भाजीवाल्याने संध्याकाळी “आंटीजी, कटहल ले लीजिए, आख़िरी है” म्हटलं की तो कच्चा फणस स्वयंपाकघरात येई. सांगलीत वाढलेल्या काकांना फणसाची भाजी बघवत नसे. ते कळवळून म्हणत, “अगं, शेवटचा उरला तो आपणच खायचा असं कुठे ठरलंय?” मावशी सुरी शोधत उत्तर देत, “त्याला घरी जायचं होतं हो.”

अशा बाईंच्या हाती एखाद्या शाळेने विद्यार्थ्यांचे क्लब सोपवू नयेत. तेलीबागेजवळच्या एका खासगी शाळेने ते सोपवले. मावशी तिथे भूगोल शिकवत. शनिवारचे शेवटचे दोन तास क्लबांचे असत. सुरुवातीला नाटक, संगीत, चित्रकला, प्रश्नमंजूषा असे कोणत्याही शाळेत असतात तसे क्लब होते. ज्यांना यांपैकी कोणीच घेतलं नाही, ती मुलं रडत मावशींकडे आली आणि तिथून गोंधळ सुरू झाला. मावशींच्या मते गुण नसलेलं मूल जगात नाही, फक्त आपली नजर अधू असते. दिवसभर शिट्ट्या मारणाऱ्या मुलांना इतर शिक्षक वर्गाबाहेर काढत. मावशींनी त्यांचा शिट्टी क्लब काढला. शाळेने नावाला हरकत घेतली, तेव्हा दारावर ‘वायुवाद्य क्लब’ अशी पाटी लागली. दुसऱ्यांचे डबे उघडून खाणाऱ्या एका मुलीसाठी पाककला-समीक्षा विभाग निघाला. प्रत्येक तासाला झोपणारा एक मुलगा होता. त्याला योग क्लबात शवासनाचा प्रमुख नेमण्यात आलं आणि मावशींच्या म्हणण्यानुसार त्या पदाला तो पूर्ण न्याय देत होता. माझ्या बायकोने एकदा शाळेच्या फाटकातून “मावशी!” अशी हाक मारली, तेव्हापासून सगळी शाळा त्यांना ‘मौसी मैम’ म्हणू लागली.

मी या सगळ्यापासून दूर, लखनौच्याच महानगर नावाच्या वस्तीत राहत होतो. अख्खं शहर मध्ये असूनही ते अंतर पुरलं नाही. शनिवार ही माझी सुट्टी. शुक्रवारी फोन येई, “जावईबापू, उद्या काय करताय?”

“काही नाही मावशी. आराम.”

“अच्छा, मग आरामात या. मुलं थांबतील.”

अशा रीतीने मी बातमी क्लबाचा मार्गदर्शक झालो. त्या क्लबाने पहिल्याच महिन्यात मुख्याध्यापकांच्या स्कूटरचं पंक्चर ही मुख्य बातमी केली. वर्षाअखेरीला सर्व क्लबांचा मिळून टॅलेंट शो होई, त्याचा परीक्षकही मीच. पण बक्षिसं नसत. परीक्षकाने प्रत्येकाबद्दल एकच वाक्य बोलायचं आणि ते खरं असलं पाहिजे, शिवाय चांगलंही असलं पाहिजे, असा मावशींचा नियम होता. बातमीदारीतल्या माणसाला याहून कठीण शिक्षा नसेल. एका मुलाने पेटी अशी वाजवली की मागच्या रांगेतलं तान्हं मूल उठून रडू लागलं. मी बराच विचार करून म्हणालो, “आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला.” मावशी माझ्याकडे अभिमानाने बघत होत्या. मी घरी चिडचिड केली की माझी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं आणि उत्तर मात्र हिंदीतच सुचतं, शांतपणे म्हणे, “पापा, आपसे मना होता नहीं, और ग़ुस्सा हम पे करते हैं.”

मग नवे मुख्याध्यापक आले. ते आदल्या वर्षीच्या शोला प्रेक्षक म्हणून हजर होते आणि तो दुपारी सुरू होऊन दिवेलागणीनंतरही चालला होता, हे ते विसरले नव्हते. त्यांनी मावशींना बोलावलं. बातमी क्लबाच्या कामासाठी मीही तिथेच बसलो होतो.

“मैडम, इस बार सिलेक्शन कीजिए,” ते म्हणाले. “यह टैलेंट शो है, भंडारा नहीं कि जो आया उसे बिठा लिया.”

“जी सर, बिलकुल,” मावशी म्हणाल्या.

“और प्रोग्राम चीफ़ गेस्ट के उठने से पहले ख़त्म हो. नहीं हुआ, तो नए सेशन से शनिवार के दोनों पीरियड कोचिंग को. पेरेंट्स वैसे भी यही माँग रहे हैं.”

मावशींनी यालाही “जी सर” म्हटलं. पण बाहेर व्हरांड्यात आल्यावर त्या थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, “दोन तास आहेत हो त्यांचे आठवड्यात. तेवढेच.”

त्यांनी सांगितल्याप्रमाणे रीतसर निवडफेरी घेतली. सगळे पास झाले. मी विचारलं, “एवढी मुलं वेळेत कशी बसवणार?” मावशी म्हणाल्या, “वेळेत नाही बसत. मंचावर बसतील. मंच चांगला रुंद आहे.”

त्याचा अर्थ मला कार्यक्रमाच्या दिवशी कळला. मावशींनी सगळे क्लब एकाच वेळी मंचावर आणले होते. मधोमध मुली कथक करत होत्या आणि त्यांना वायुवाद्य क्लब शिट्ट्यांनी साथ देत होता. डावीकडे प्रश्नमंजूषा चालू होती, उजवीकडे नाटकातल्या राजाचा वध होत होता आणि या सगळ्यांच्या मागे चित्रकला क्लब पडदा रंगवत होता. राजा म्हणजे तो शवासनाचा प्रमुख. तो मेला तेव्हा सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या. नंतर कळलं की त्याला झोप लागली होती. प्रमुख पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते. ते माझ्याकडे झुकून म्हणाले, “काफ़ी प्रयोगात्मक है.” मी खरं आणि चांगलं असं एक वाक्य शोधत होतो, तेवढ्यात सगळं संपलं. कार्यक्रम वेळेत होता. मुख्याध्यापक पहिल्यांदाच हसताना दिसले.

फक्त एक मुलगी उरली होती. ती सहावीतली, हास्य क्लबातली. तिला विनोद सांगायची भारी हौस, पण तो संपण्याआधीच तिला हसू फुटे आणि पुढचं कोणालाच ऐकू येत नसे. तिचा एकही विनोद आजवर पुरा झालेला नव्हता. बरोबर कोणी उभं असलं की ती त्याच्याकडे बघून आणखी हसे, म्हणून तिला एकटीला मंच देण्याचं मावशींनी कबूल केलं होतं.

“एक आदमी दर्ज़ी के पास गया,” ती म्हणाली आणि हसू लागली. सावरली. “दर्ज़ी बोला,” आणि पुन्हा हसली. आधी मुलं हसली, मग पालक हसले, मग पालक थांबले. मुलीचा चेहरा लाल झाला होता. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मुख्याध्यापकांनी विंगेकडे बघून पडदा ओढण्याची खूण केली. मी विंगेजवळच बसलो होतो. पडद्याची दोरी मावशींच्या हातात होती. त्यांनी ती खूण पाहिली, नीट पाहिली. मग त्यांनी दोरीला भिंतीच्या खिळ्याभोवती दोन वेढे दिले, गाठ मारली आणि हाताची घडी घालून मुलीकडे बघत उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या माझ्या विधानाला हा एकच अपवाद आहे आणि तोही तोंडी नव्हता.

पाहुणे उठले. मुख्याध्यापक त्यांच्यामागे गेले, त्यांच्यामागे पुढच्या दोन रांगा गेल्या. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तेव्हा मुलगी विनोदाच्या शेवटच्या वाक्यावर पोहोचली होती. तिने ते डोळे घट्ट मिटून, एका दमात म्हटलं. विनोद साधारण होता. मी तो पुढे घरी सांगितला, कोणी हसलं नाही. पण त्या हॉलमध्ये उरलेली मुलं बाकांवर उभी राहिली आणि ती मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा, न हसता त्यांच्याकडे बघत राहिली.

नव्या सत्रापासून शनिवारचे दोन्ही तास कोचिंगला गेले. मावशींनी तक्रार केली नाही. वायुवाद्य क्लबाची पाटी काढली, त्या खोलीत गणिताच्या गाइडांचे गठ्ठे आले. दोन वर्षांनी मावशी निवृत्त झाल्या. “ती दोरी ओढली असती तर?” असं मी त्यांना एकदाच विचारलं. “तर बाकीचे क्लब राहिले असते,” त्या म्हणाल्या. “हे मला गाठ मारायच्या आधीच कळत होतं हो.” आणि त्या पोपटाला मिरची द्यायला उठल्या.

आता माझे शनिवार माझे आहेत. मी घराजवळच्या कपूरथला बाजारात जातो, वर्तमानपत्रं वाचतो, दुपारी झोपतो. परवा मात्र नेमका शुक्रवारी संध्याकाळी मावशींचा फोन आला. “जावईबापू, उद्या काय करताय?” मी सावध होऊन म्हणालो, “काही नाही मावशी. का?” मग त्या म्हणाल्या, “काही नाही हो. सहज विचारलं. करा आराम.” आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला.