मिस्त्रींचा हात

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान लेथवर काम करायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मीसुद्धा. कातायचा जॉब चकाच्या फिरत्या जबड्यांत आवळून झाला की आवळायची किल्ली आधी काढायची, मगच मशीन चालू करायचं, हे त्यांनी तीस वर्षं दुसऱ्यांना ओरडून शिकवलं. एके दुपारी स्वतःच विसरले. मशीन सुरू झालं आणि ती वीतभर लोखंडी किल्ली सुटून त्यांच्या कपाळात बसली. मी शेजारच्या बाकावर कानस चालवत होतो. तो आवाज कसा होता ते मला लिहिता येणार नाही.

पाच आठवड्यांनी ते इस्पितळातून घरी आले. चालत होते, जेवत होते, पण हात उचलत होते. पहिल्याच आठवड्यात ताट भिरकावलं, बहिणीचा ओठ फाटला. पुढे तिचं मनगट पिरगाळून मोडलं. तिने अशा रुग्णांना सांभाळणाऱ्या एका संस्थेत त्यांच्यासाठी जागा बघून ठेवली.

"दादा, आता मला एकदा जरी यांचा हात लागला तर यांना तिकडे ठेवणार."

"आजारी माणूस आहे गं."

"मग तू खा मार. तुझं तोंड तसंही वाकडंच आहे."

मी मदतीला त्यांच्याकडे राहायला गेलो आणि मार मीही खाल्ला. थेरपिस्ट बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मिस्त्री शर्टाच्या बटणाशी झटत होते. मी म्हणालो, "वरचं आधी." बहीण म्हणाली, "राहू द्या हो, मी लावते." दोघांचेही हात पुढे गेले. मिस्त्रींचं कोपर माझ्या नाकावर बसलं. रक्ताने त्यांचाच शर्ट भिजला.

बाईंनी झापलं ते आम्हाला. "त्यांच्या डोक्यात आता एका वेळी एकच गोष्ट मावते. तुम्ही दोन तोंडं आणि चार हात घेऊन अंगावर जाता. राग आवरणारा भागच दुखावलाय त्यांचा. एकानेच बोला, थोडं बोला, मग थांबा." मग मिस्त्रींकडे वळून म्हणाल्या, "डोकं तापलं की तुम्ही आधी सांगायचं. मशीन चालू करताना काय सांगायचात?"

मिस्त्रींनी बटण सोडलं, तळवे मागे घेतले.

"हात मागे," मिस्त्री म्हणाले.

दीड महिना तेच घोकलं. कधी फटका आधी यायचा, तो मी खायचो, शब्द नंतर. कपाटाचं दार लाथेने गेलं.

मग एका सकाळी बहिणीच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, मोजा घाला, उशीर होतोय, पाय द्या, इकडे बघा..." मिस्त्रींनी स्टूल डोक्यावर उचललं. मानेच्या शिरा तटतटल्या.

"हात..." शब्द अडकला.

मी धावलो. बहिणीने मला मागे ढकललं आणि स्वतः भिंतीला टेकली. तोंड घट्ट मिटलेलं.

"...मागे!"

स्टूल जमिनीवर आदळलं. स्टुलाचा पाय मोडला, त्याची ढलपी उडून तिच्या नडगीत घुसली. मिस्त्री रक्ताकडे बघत राहिले.

तिने ढलपी उपटली, लंगडत फोनपाशी गेली. संस्थेचाच नंबर लावला.

"ती जागा दुसऱ्या कोणाला द्या."

मी काही बोलणार, तर तिने हात वर केला. "असा बघू नकोस. मला अजून भीती वाटतेच."

मग तिने मोजा मिस्त्रींपुढे ठेवला आणि चार पावलं मागे सरली. तो चढवायला त्यांना अकरा मिनिटं लागली. आम्ही दोघं गप्प उभे होतो. तिच्या पायाखाली रक्त साचत होतं.