बादशहाच्या ताटातली हाडं

तोंडी परीक्षेत मी नापास झाले ती उत्तर येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर चांगलं येत होतं. पण समोरचे गृहस्थ सत्तरीचे होते, ते चुकीचं बोलले, आणि वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर ‘तुमचं चुकतंय’ म्हणायची मला सवय नव्हती. आता सांगताना हसू येतं, तेव्हा दोन दिवस घास उतरला नव्हता.

ऐंशीच्या दशकातली, मिशिगनमधली गोष्ट. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, घर नोव्हाय नावाच्या गावात. नागपूरच्या कॉलेजातली इतिहास शिकवायची नोकरी सोडून मी त्याच्यामागे आले होते. घरात बसून डोकं फिरायला लागलं तेव्हा अर्ध्या-पाऊण तासावरच्या युनिव्हर्सिटीत पीएच.डी.ला नाव घातलं. विषय घेतला, चिनी बादशहाच्या दरबारात गेलेले युरोपचे सुरुवातीचे वकील, म्हणजे राजदूत. जो तो विचारायचा, हे मधेच चीन कुठून काढलंस? मला त्यात मधेच काही वाटत नव्हतं. आपल्याकडच्या दरबारांत आलेल्या इंग्रज वकिलांची पत्रं मी नागपुरात वाचली होती. कोण कुठे बसला, विडा आधी कुणाला दिला, जोडे कुठे काढायला लावले, यावर ती माणसं पानंच्या पानं लिहीत. पेकिंगलाही तेच चाललेलं, फक्त थंडी जास्त.

अठराव्या शतकाच्या अखेरीला तिथे इंग्रजांचा वकील गेला. दरबारची रीत अशी की बादशहापुढे तीनदा गुडघे टेकायचे आणि नऊदा कपाळ जमिनीला लावायचं. हा बाबा एका गुडघ्यावर अडून बसला. जे मागायला गेला होता त्यातलं काही त्याच्या पदरात पडलं नाही. त्याच्या मागोमाग डच गेले, तेही भर हिवाळ्यात, दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदराहून दीड महिना हाडं खिळखिळी करत. त्यांनी सांगाल तितक्यांदा कपाळ टेकलं. त्यांनाही काही मिळालं नाही. मात्र बादशहाने स्वतःच्या ताटातलं मांस त्यांच्याकडे पाठवलं. बघतात तर नुसती हाडं, कुणीतरी चघळून ठेवल्यासारखी. डचांचा असा तिळपापड झाला की त्यांनी ते दैनंदिनीत लिहून ठेवलं.

माझे प्रोफेसर चिनी होते, तरुणपणीच अमेरिकेत आलेले. कायम वेस्टकोट, खिशात घडी केलेला रुमाल. पहिल्याच दिवशी म्हणाले, मला नावाने हाक मारा, इथे तशीच पद्धत आहे. मी म्हटलं, ‘‘येस सर.’’ पुढे दोन वर्षं सरच म्हणत राहिले. माणूस अतिशय प्रेमळ. म्हणूनच त्यांनी परीक्षेत केलं ते माझ्या फार जिव्हारी लागलं.

परीक्षेला तिघे होते, हे आणि दुसरे दोघे. बराच वेळ ठीक चाललं. मग सर म्हणाले, ‘‘म्हणजे उष्टी हाडं पाठवून बादशहाने डचांचा अपमान केला, हे उघडच आहे. नाही का?’’

आता हे साफ चूक होतं, आणि मला ते कळत होतं. पण सर इतक्या ठामपणे बोलले होते, तेही परक्या दोघांसमोर. त्यांना मी खोटं पाडू? तोंडातून निघालं, ‘‘येस सर.’’

‘‘नक्की?’’

‘‘येस सर.’’

‘‘याला दुसरी काही बाजू असेल?’’

‘‘नो सर.’’

सरांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. खूप वेळ पुसला. बाकीच्या दोघांनी आपापल्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पत्र आलं: नापास, तीन महिन्यांनी पुन्हा परीक्षा, आणि ती शेवटची. तिथे पडले की पीएच.डी. संपली.

नवरा म्हणाला, ‘‘अगं यार, कळत होतं तर सरळ डिसअ‍ॅग्री करायचं ना. आमच्या मीटिंगमध्ये रोज करतात.’’

‘‘तू तुझ्या आईला कधी डिसअ‍ॅग्री केलंयस?’’

त्याने टीव्ही लावला.

मला सोडवलं ते शेजारच्या अपार्टमेंटमधल्या काकूंनी. काकू पुण्याच्या, शाळेतून रिटायर होऊन मुलाकडे आलेल्या. मुलगा-सून सकाळी ऑफिसला गेले की दिवसभर त्यांना बोलायला माणूस नसे. माझं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘तुझं इतिहासाचं काही अडलेलं नाही, तुझी जीभ अडलीय. रोज चार वाजता माझ्याकडे यायचं. मी धडधडीत चुकीचं बोलणार, तू नाही म्हणायचं.’’

पहिल्या दिवशी त्यांनी सुरुवात केली, ‘‘पुरणात लसूण घालतात.’’

मला हसू फुटलं.

‘‘हसतेस काय? नाही म्हण.’’

‘‘नाही काकू. म्हणजे, काही लोक घालतही असतील...’’

‘‘कोण घालतं? नाव सांग त्याचं.’’

आठवडाभर हे असंच. मी नाही म्हणायची आणि लगेच त्याला शेपूट लावायची. काकू कपाळाला हात लावत. मग एके दिवशी चहा ओतता ओतता त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘‘मला तर बाई वाटतं, बाईमाणसाने इतकं शिकून करायचंय काय? नवरा कमावतोय, बस की घरी.’’

‘‘नाही,’’ मी म्हटलं, आणि मग जी सुटले ती सुटलेच. नोकरी सोडल्याचं निघालं, त्या अपार्टमेंटच्या भिंतींकडे बघत काढलेल्या दुपारी निघाल्या, आणखी काय काय निघालं. थांबले तेव्हा चहावर साय धरली होती आणि मला धाप लागली होती.

‘‘हां,’’ काकू म्हणाल्या. ‘‘आता हे तिथे बोल. फक्त कारणं पाच देऊ नकोस, दोन पुरेत.’’ आणि चहा गरम करायला उठल्या. ते वाक्य त्यांच्या मनातलं नव्हतं हे मला रात्रभर विचार केल्यावर पटलं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. तीच खोली, तेच तिघे. चार प्रश्न झाल्यावर सरांनी माझ्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला, तसाच, शब्दही न बदलता. उष्टी हाडं पाठवून अपमान केला, हे उघडच आहे. नाही का?

‘‘ये...’’ इतकं तोंडातून बाहेर पडलंसुद्धा. मग मी म्हटलं, ‘‘नो सर.’’

आणि सांगितलं. आमच्याकडे देवापुढे ठेवलेलं ताट परत येतं तेव्हा त्याला कुणी उष्टं म्हणत नाही, प्रसाद म्हणतात. कणभर मिळाला तरी कपाळाला लावतात, नको म्हणणं हाच अपमान. चिनी दरबारातही तेच. बादशहाने आपल्या ताटातलं काढून दिलं, म्हणजे परक्याला पंक्तीला घेतलं. ताटात किती मांस उरलंय हे तिथे कुणी बघत नाही.

‘‘पण डच स्वतः लिहितात की अपमान झाला,’’ सर म्हणाले. ‘‘ते तिथे होते. तुम्ही नव्हता.’’

‘‘नाही सर. आपल्याला काय वाटलं ते त्यांनी खरं लिहिलं. देणाऱ्याच्या मनात काय होतं ते त्यांना कळलं नाही.’’

दहा मिनिटं ते मला हटवायला बघत होते. मी हटले नाही. एकदा आवाज चढला तेव्हा सॉरी म्हटलं, तर म्हणाले, सॉरी नको, पुढे बोला.

बाहेर बसवून पुन्हा आत बोलावलं. पास. दुसरे दोघे हात मिळवून निघून गेले. उठायच्या घाईत माझे कागद जमिनीवर सांडले. सर ते उचलून देत म्हणाले, ‘‘गेल्या वर्षीच्या तुमच्या पेपरात हे एका तळटीपेत होतं. तुम्हाला येतं हे मला माहीत होतं. मागच्या वेळी मी वाट बघत होतो.’’

मी म्हटलं, ‘‘सर, मला वाटलं तुम्ही मला पाडलंत.’’

ते म्हणाले, ‘‘माझ्या परीक्षेतही माझ्या प्रोफेसरांनी चिनी दरबाराबद्दल असंच काहीतरी विचारलं होतं. मी येस सर म्हणालो. मी पास झालो. मला पुन्हा कुणी विचारलं नाही.’’

मला पुन्हा विचारलं. काकूंना त्या संध्याकाळीच मिठी मारून झाली. सरांचे आभार मात्र मी त्या दिवशी नीट मानले नाहीत, नुसती रडत कागद उचलत होते. म्हणून इथे मानते आहे.